इंजिन उतरवायचं की गाडी काढायची?

जुन्या गाडीचं इंजिन बसलं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक 'भंगारात घाला'वाली, दुसरी 'घरची लक्ष्मी आहे'वाली. गंमत म्हणजे बॉनेट उघडायच्या आधीच दोघांचा निकाल ठरलेला असतो!

परवा हिंजवडीतल्या एका मित्राचा फोन आला. धाराशिवला आई-बाबांकडे २०१० ची मारुती ८००, एमएच-२५ पासिंग. तुळजापूरचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला, बाबांनी तशीच घरापर्यंत रेटली. आता स्टार्ट होते, पण थरथरते, पिकअप नाही. गॅरेजवाला म्हणतो, 'फुल इंजिन करावं लागेल, पस्तीस हजार.' गाडीची किंमतच जेमतेम चाळीस. "काढूनच टाकतो यार," साहेबांचा डिसिजन झाला होता.

त्या गाडीची एक भारी गोष्ट आहे. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या तेरा मोठ्या शहरांत भारत स्टेज-४ लागू झालं. ८०० त्यात बसत नव्हती, त्यामुळे तिथे तिची विक्री बंद. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर चक्क सोलापूरही होतं! शेजारच्या उस्मानाबादेत मात्र (जिल्ह्याचं नाव तेव्हा हेच होतं) ती मिळत राहिली. १९८३ साली आलेल्या या गाडीचं उत्पादन थांबलं ते थेट जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे तिकडच्या दारांत उभ्या असलेल्या शेवटच्या लॉटच्या ८०० आता एकेक करून पंधरा वर्षांच्या होताहेत. इंजिनाचं दुखणं आणि आरसीची मुदत, दोन्ही एकदमच.

आता हिशेब. चाळीस हजारांच्या गाडीवर पस्तीस हजार कशाला, हा सवाल ऐकायला एकदम लॉजिकल वाटतो. पण चाळीस हजार ही तुम्ही विकलीत तर मिळणारी किंमत. तुम्हाला विकायचीय कुठे? तुलना करायची ती त्याच पैशात दुसरं काय मिळेल याच्याशी. पस्तीस हजारांत कुठलीही धड गाडी येत नाही. तेच पस्तीस हजार तीन वर्षांवर पसरले तर महिन्याला हजाराच्या आत. नव्या गाडीचा ईएमआय आठवा आणि पाणी प्या. दीड लाखाची सेकंडहँड घेतलीत, तर दुसऱ्याच्या गाडीचं दुखणं विकत घेताय. तुमच्या गाडीचं निदान माहीत तरी आहे.

खरंच माहीत आहे का, हाही प्रश्नच. 'फुल इंजिन' हा अंदाज असतो, रिपोर्ट नव्हे. ऑइलचं झाकण उघडून पाहा. आत दुधाच्या चहासारखा फेस दिसला, तर बहुतेक कूलंट ऑइलमध्ये शिरलंय. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि कॉम्प्रेशन टेस्ट करायलाच लावा. स्पार्क प्लग काढून त्या जागी गेज लावायचा आणि स्टार्टर मारायचा, एवढंच. ८०० ला तीनच सिलेंडर. एखाद्याचं रीडिंग कमी आलं की त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघायचं. रीडिंग चढलं तर रिंगा गेल्यात. नाही चढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी असतील तर संशय गॅस्केटवर. मित्राच्या गाडीत नेमकं हेच निघालं. गरम होऊन हेड किंचित वाकलं होतं. लेथवर फेसिंग, नवीन गॅस्केट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप: बारा हजार. पस्तीस नव्हे!

इंजिन उघडलंच आहे तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि सीलही बदला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, २०१० ची गाडी त्यासाठी बनलेली नाही.

मग आरसी. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. म्हणून आधी गाडी रॅम्पवर चढवून पत्रा बघा. खालचा पत्रा, सस्पेन्शनचे जॉइंट सडले असतील तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका. इंजिन नवं करता येतं, चेसिस नाही.

मित्राला मी एकच विचारलं, गाडी कोणासाठी? त्याला पुणे-धाराशिव हायवे मारायचा असेल तर ८०० नको. एअरबॅग नाही, एबीएस नाही. पण त्याच्या आईला दर महिन्याला बार्शीला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटी आहे, पण ट्रीटमेंट घेऊन आलेल्या बाईला स्टँडवर ताटकळत बसवायचं? बाबांचा हात याच गाडीवर बसलाय आणि चाळीसच्या वर ते जात नाहीत (घाटातला पराक्रम सोडला तर). त्या रस्त्यासाठी बारा हजार मला तरी स्वस्तच वाटले.

तुमच्याकडे पत्रा सडलेला निघाला तर गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. आरसी रद्द झाल्याशिवाय ती कागदोपत्री बाबांच्याच नावावर राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट जपून ठेवा. नवी गाडी घेताना त्यावर टॅक्समध्ये सूट मिळते. आणि हो, त्याआधी डिकीतली स्टेपनी, जॅक आणि डॅशबोर्डवरची तुळजाभवानी काढून घ्या.