बाहेरच्या वेशीची किल्ली

मराठवाड्यातल्या कंधारच्या भुईकोटात शिरायचे तर पाण्याचा खंदक आणि एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागत. आतल्या दरवाजावरचा पहारेकरी कितीही आपला असला, तरी बाहेरच्या वेशीवर हुकूम दुसऱ्याचा असेल तर आलेला माणूस खंदकापलीकडेच अडे. राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाशी ज्याचे नाव जोडले जाते, पुढे जो अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता आणि 1631 मध्ये मोगलांनी वेढा घालून जो घेतला, त्या किल्ल्याच्या गावातील घरच्या सर्व्हरवरचे फोटो आज पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाला उघडत नाहीत, आणि तो घरच्यांना पुनःपुन्हा राऊटर बंद-चालू करायला सांगतो. दुखणे बऱ्याचदा राऊटरमध्ये नसतेच; ते इंटरनेट कंपनीने दिलेल्या, फक्त तिच्याच हद्दीत चालणाऱ्या पत्त्यात असते.

हद्दीपलीकडे निरुपयोगी ठरणारी ओळख या मुलखाला नवी नाही. 1869 पासून हैदराबादच्या निजामाच्या राज्याची स्वतःची टपाल तिकिटे होती. कंधारहून नांदेडला ती चालत, पण हद्दीपलीकडे सोलापूर-पुण्याला पत्र धाडायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट लागे. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले, तरी ते टपाल भारतीय टपालात विलीन व्हायला 1950 उजाडले.

इंटरनेटने नेमकी तीच व्यवस्था पुन्हा उभी केली. आयपीव्ही4 पद्धतीत पत्ते जेमतेम 429 कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसताच 1994 मध्ये अनेक यंत्रांनी एकाच पत्त्याआड राहण्याची नॅट ही तात्पुरती तोड निघाली. 1998 पर्यंत मुबलक पत्त्यांच्या आयपीव्ही6चे प्रमाण तयार होते, पण तोड चालते आहे तोवर इलाजाची घाई कोण करतो? 3 फेब्रुवारी 2011 रोजी आयपीव्ही4 पत्त्यांचे जागतिक कोठार रिते झाले आणि 2012 मध्ये 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखला गेला. शेकडो घरे एका पत्त्याआड गेली. सीजीनॅट म्हणतात ते हेच.

म्हणून तपास वेशीपासून सुरू करावा. राऊटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन (कंपनीने दिलेला) पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर खोट बहुधा घरात आहे: सर्व्हरचा आतला पत्ता बदललेला, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे वळवणे) चुकलेले किंवा फायरवॉल आडवी आलेली; क्वचित कंपनीनेच ते पोर्ट अडवलेले. पत्ते वेगळे निघाले आणि वॅन पत्ता त्या राखीव पट्ट्यातला असला, तर घरचे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केले तरी ते आतला दरवाजा उघडण्यासारखेच. बाहेरच्या वेशीची किल्ली कंपनीकडे आहे. मग मार्ग उरतात ते तीन: शुल्क भरून स्थिर पब्लिक पत्ता घेणे, दोन्ही टोकांना असल्यास आयपीव्ही6 वापरणे, नाहीतर सर्व्हरनेच आतून बाहेर वायरगार्डसारखा बोगदा काढून पब्लिक पत्ता असलेल्या भाड्याच्या यंत्रावर भेटणे. वैतागून सगळी पोर्टे मोकळी सोडणे मात्र आत्मघात आहे.

तेव्हा पुढची जोडणी घेताना वेगाचा आकडा विचारण्याआधी पब्लिक पत्ता आणि आयपीव्ही6 मिळेल का, हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.