तळे खुले आहे, पाण्यापर्यंत जाणार कोण?

गेल्या पावसाळ्यात कल्याण पूर्वेतल्या आमच्या विहारात रविवारची वंदना संपल्यावर एक मावशी थांबल्या. मुलगा बीएस्सी आयटी झालेला. 'फुल स्टॅक डेव्हलपर' होण्यासाठी त्याला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये घातले होते. फी साठ हजार. चाळीस हजार बचत गटातून उचलले, उरलेले कानातले मोडून भरले. जाहिरातीत 'शंभर टक्के प्लेसमेंट' असे लिहिलेले. सहा महिन्यांनी कोर्स संपला आणि प्लेसमेंट म्हणून काय आले, तर एका कॉल सेंटरची मुलाखत. मावशींनी विचारले, "पोरांनो, आमचं चुकलं कुठं?"

आम्ही त्या मुलाच्या नोट्स मागवून पाहिल्या. आमच्यापैकी काही जण आयटीत काम करतात. त्यांनी दहा मिनिटांत दाखवून दिले की त्यातली पानेच्या पाने मोझिलाच्या एमडीएन या संकेतस्थळावरून जशीच्या तशी उचललेली आहेत. एमडीएन २००५ पासून चालू आहे आणि कोणालाही फुकट वाचता येते. क्लासने त्यावर फक्त आपला शिक्का मारला होता. म्हणजे मावशींनी कानातले मोडले ते जगाला फुकट असलेल्या गोष्टीसाठी.

क्लासवाल्याला शिव्या घालून विषय संपवता येतो. पण आम्हाला तो तिथे संपवायचा नाही. जे फुकट आहे ते फुकट आहे ही माहिती आमच्या वस्तीपर्यंत का आली नाही, हा खरा प्रश्न आहे. नौपाड्यातल्या किंवा डोंबिवली पूर्वेतल्या एखाद्या घरात ही माहिती मोठ्या भावाकडून, काकाकडून, शेजाऱ्याकडून जेवता जेवता मिळते. त्याला कोणी आरक्षण म्हणत नाही. आमच्या घरात तीच माहिती साठ हजारांना विकत घ्यावी लागते.

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडून मंजूर करून घेतला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तरी आपला माणूस तिथे पाणी प्यायला नाही, कारण ठरावाने वाट मोकळी होत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले, पाण्याला हात लावला, तेव्हा तळे खऱ्या अर्थाने खुले झाले.

आज संगणकाच्या ज्ञानाचे तळे असेच कागदावर खुले आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. तिचे म्हणणे एवढेच, की सॉफ्टवेअर वापरण्याचा, त्याच्या आत काय आहे ते वाचण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि ते दुसऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. १९९१ साली लिनक्स आले, त्याच वर्षी पायथॉन ही भाषा आली, २००५ साली गिट आले. आज मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर याच साधनांवर चालतात. वागळे इस्टेटच्या काचेच्या इमारतीत बसलेला इंजिनिअर जी साधने वापरतो, त्यातली बहुतेक साधने वालधुनीच्या चाळीतल्या मुलीलाही एक रुपया न देता मिळू शकतात. ज्ञानबंदीच्या इतिहासात ही साधी गोष्ट नाही. पण 'मिळू शकतात' आणि 'मिळतात' यांच्यात अंतर आहे. तळ्याच्या वाटेवर चार अडसर आहेत.

पहिला अडसर भाषेचा. आपली बरीच मुले पालिकेच्या मराठी शाळेतून येतात आणि इंग्रजी पान उघडले की त्यांचा धीर सुटतो. त्यांनी सुरुवात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पापासून करावी. केंद्र सरकारच्या पैशातून, म्हणजे आपल्याच करातून तो उभा राहिला आहे. लिनक्स, सी, जावा, पायथॉन अशा विषयांवर साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे त्यात आहेत आणि त्यातले अनेक मराठी आवाजात आहेत. धडा एका बाजूला लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून बघायचे, अशी त्याची पद्धत आहे. पण आम्ही इथेही स्पष्ट बोलतो. मराठी हा पायरीचा दगड आहे, तिथेच बसून राहायचे नाही. या धंद्यात चूक झाली की संगणक इंग्रजीत बोलतो. ती दोन ओळींची चूक वाचता आली पाहिजे. त्यासाठी फाडफाड इंग्रजी लागत नाही, तीनचारशे शब्द लागतात, आणि ते रोज पाच याप्रमाणे तीन महिन्यांत येतात.

दुसरा अडसर यंत्राचा. घरात लॅपटॉप नाही, मोबाइल आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे. इथे कंपन्यांनी टाकून दिलेले जुने लॅपटॉप उपयोगी पडतात. त्यावर विंडोज रांगते, पण लुबुंटू किंवा झुबुंटू यांसारखे हलके लिनक्स टाकले की चार जीबी रॅमवरही शिकण्यापुरते काम चालते. इंटरनेट रोज परवडत नसेल तर किविक्स नावाचे साधन आहे. त्यात अख्खा विकिपीडिया आणि प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरे असलेले स्टॅक ओव्हरफ्लो एकदा उतरवून घेता येते, मग नेटशिवाय वाचता येते. डेव्हडॉक्सवर भाषांची माहितीपुस्तके तशीच साठवता येतात. विहारात एक संगणक आणि एक हार्ड डिस्क असली तरी दहा मुलांची सोय होते.

तिसरा अडसर क्रमाचा. फुकट माल इतका पडलेला आहे की मूल त्यात हरवते. आज यूट्यूबवर पायथॉन, उद्या रिअॅक्ट, परवा 'एआय शिका सात दिवसांत'. सहा महिन्यांनी हातात काही नाही. क्लासवाला खरे तर क्रम विकतो. तो क्रम आपणही देऊ शकतो. वेबकडे जायचे असेल तर फ्रीकोडकॅम्प ही २०१४ पासून चालणारी ना-नफा संस्था एचटीएमएलपासून जावास्क्रिप्टपर्यंत पायरीपायरीने नेते आणि प्रमाणपत्रही फुकट देते. संगणकशास्त्राचा पाया पक्का करायचा असेल तर हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस-फिफ्टी हा कोर्स फुकट बघता येतो. आयआयटींचे एनपीटीईएल २००३ पासून चालू आहे. त्यावर शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसायचे तरच शुल्क आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. जातीचा दाखला काढून ठेवा, लाजू नका. यातले एकच निवडा आणि संपवा. पाच अर्धवट कोर्सपेक्षा एक पूर्ण कोर्स मोठा.

क्रमाबरोबर पुरावाही लागतो. पहिल्या महिन्यापासून गिट शिका आणि केलेले काम गिटहबवर ठेवत जा. कोणी विचारले 'अनुभव काय?' तर तिथे बोट दाखवता येते. वस्तीतल्या अभ्यासिकेच्या पुस्तकांची नोंदवही, भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारे छोटे अॅप, असे काहीही चालेल. दुसऱ्याचा नमुना उतरवून 'माझा प्रोजेक्ट' म्हणून दाखवू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, तेव्हापासून मुले म्हणतात, कोड तोच लिहून देतो, आपण कशाला शिकायचे? आम्ही म्हणतो, त्याला शिक्षक करा, कामगार करू नका. त्याला मराठीत विचारा, 'ही ओळ काय करते?', 'माझे कुठे चुकले?' रात्री अकरा वाजता न चिडता उत्तर देणारा शिक्षक आपल्या आधीच्या पिढीला मिळाला नव्हता. पण तो चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. म्हणून प्रत्येक उत्तर चालवून पाहा, मूळ माहितीपुस्तकाशी ताडून घ्या. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही बुद्धाची शिकवण इथे अगदी नेमकी लागू पडते.

चौथा अडसर सगळ्यात मोठा, आणि त्यावर कोणतेही अॅप नाही. तो जातीचा. आमचे काही मित्र म्हणतात, "सगळे फुकट आहे, कोड जात बघत नाही, मेहनत करा." कोड जात बघत नसेल, पण नोकरीवर घेणारा माणूस बघतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी. दलित नावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा लक्षणीय कमी निघाली. अमेरिकेत जाऊनही हे सुटत नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिस्को कंपनीवर दावा लावला. एका दलित इंजिनिअरला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वेगळे वागवले, असा त्यात आरोप होता. २०२३ साली त्या दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली, तर कॅलिफोर्नियाचे विधेयक ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने नामंजूर केले. तेव्हा 'फुकट शिका आणि जात विसरा' हा उपदेश आम्हाला मान्य नाही. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी एक इंचही मागे घ्यायची नाही.

दुसरीकडे आमच्याच चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, "पोरांना कंपन्यांचे नोकर करताय, मोर्चाला कोण येणार?" त्यांचा आदर ठेवून आम्ही विचारतो, आज त्या कंपन्यांत आपली माणसे नाहीत का? आहेत. पहाटेची लोकल पकडून, ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जातात. हाऊसकीपिंगच्या आणि सिक्युरिटीच्या गणवेशात. आईने ज्या मजल्याची फरशी पुसली त्या मजल्यावर मुलगी खुर्चीत बसली तर चळवळ कमी होत नाही. आणखी एक गोष्ट. गिटहबवर कामाच्या मुख्य शाखेला आपोआप 'मास्टर' असे नाव पडत असे. २०२० साली अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे आंदोलन पेटल्यावर ते बदलून 'मेन' करण्यात आले. केवळ एका शब्दाने गुलामगिरीचा हिशेब फिटत नाही, हे आम्हालाही कळते. पण रस्त्यावर आवाज होता आणि तो आवाज ऐकणारी माणसे कंपनीच्या आतही होती, म्हणून निदान तो शब्द बदलला. आपल्याला रस्ताही हवा आणि आतली खुर्चीही हवी.

शिवाय चळवळीलाच या कौशल्याची गरज आहे. आपली किती जुनी पत्रके, स्मरणिका, नियतकालिके कपाटात वाळवी खात पडली आहेत! काही पीडीएफ झाली आहेत, पण ती नुसती छायाचित्रे. त्यात शब्द शोधता येत नाही. टेसरॅक्ट हे फुकटचे साधन छापील मराठी ओळखून त्याचा युनिकोड मजकूर करते. चुका राहतात, त्या माणसाने दुरुस्त कराव्या लागतात. वस्तीतल्या दहा मुलांनी हे काम हाती घेतले तर ती पायथॉनही शिकतील आणि आपला इतिहासही वाचतील.

म्हणून ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ इथल्या विहार समित्यांपुढे आम्ही ठोस प्रस्ताव ठेवतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ साली स्थापना होताच वाचनालये आणि वसतिगृहे हाती घेतली, पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. हातात पैसा नसताना. आज आपल्या समित्या जयंतीच्या डीजेवर जे खर्च करतात, त्यातला एका रात्रीचा डीजे बंद करा. तेवढ्यात दोन जुने लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि वर्षभराचे इंटरनेट निघते. आठवड्यातून दोन संध्याकाळी विहार उघडा. आयटीत लागलेल्या प्रत्येक मुलाने, मुलीने महिन्यातला एक रविवार द्यावा. कोड शिकवायला नाही जमले तर रेझ्युमे तपासावा, खोटी मुलाखत घ्यावी, आपल्या कंपनीत जागा निघाली की पहिला निरोप विहाराच्या ग्रुपवर टाकावा. त्यांच्याकडे ओळखी पिढीजात आहेत, आपल्याला त्या बांधाव्या लागतील. आणि मुलींसाठी वेळ अशी ठेवा की त्यांना अंधार पडायच्या आत घरी पोहोचता येईल. नाहीतर वर्ग पुन्हा मुलांचाच होईल.

आणि पालकांना एक विनंती. कुठल्याही क्लासचे पैसे भरण्याआधी विहारात या. क्लास लावूच नका असे आम्ही म्हणत नाही, काही ठिकाणी चांगले शिकवतातही. पण आधी मुलाला दोन महिने फुकटचे करून बघू द्या. त्याला गोडी आहे का, जमते आहे का, ते कळेल. 'प्लेसमेंट' कोणत्या कंपनीत, किती पगारावर, हे लेखी मागा. लेखी द्यायला नकार दिला तर परत फिरा.

मावशींच्या मुलाचे म्हणाल तर तो आता दर बुधवारी विहारात येतो. नोकरी अजून लागलेली नाही, खोटे कशाला सांगायचे? बचत गटाचा हप्ता अजून चालू आहे. पण चार लहान मुलांना तो एचटीएमएल शिकवतो, आणि त्या चौघांच्या आयांना कानातले मोडावे लागलेले नाही.

तळे खुले आहे. एकेकट्याने काठावर उभे राहून उपयोग नाही. १९२७ साली आपण एकत्र चालत गेलो होतो, आताही तसेच जावे लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!