जोडीदाराविना नाच

परवा उत्तनला एका लग्नाच्या रिसेप्शनला जाण्याचा योग आला. मी मिरा रोडला राहतो. भाईंदर पश्चिमेहून बस धरली. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडले आणि वाळत्या बोंबलांचा वास आला, तेव्हा उत्तन जवळ आल्याचे कळले. सोबत आमच्या सोसायटीतल्या काकू होत्या. नवरी त्यांची विद्यार्थिनी. काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. अशा समारंभात त्या मागच्या खुर्चीवर बसतात, जेवतात आणि निघतात.

नवरा-नवरीचा वॉल्ट्झ झाला, मग जोडप्यांचे जाइव्ह. बाकीची माणसे बसून पाहत होती. एवढ्यात बँडने कंट्री ढंगाचे गाणे धरले आणि निम्मा मांडव उठला. लुगड्यातल्या आज्या, शाळकरी पोरे, नवरदेवाचे अविवाहित काका, सगळे रांगा करून उभे. चार पावले उजवीकडे, चार डावीकडे, दोन मागे, टाचेचा ठोका, पाव गिरकी. मग तेच दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून. एका मुलीने काकूंचा हात धरला, "मावशी, या ना, काही कठीण नाही!" पुढची बाई मराठीत मोजत होती, "एक, दोन, तीन, वळा." काकू चुकून भलतीकडे वळल्या, हसल्या, पुन्हा रांगेत आल्या.

(२०२५ च्या जुलैत मिरा रोडला मराठीवरून बंद झाला, मोर्चा निघाला. उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या या मराठीचा उल्लेख तेव्हा मला तरी कोणाच्या तोंडी आढळला नाही.)

बिली रे सायरसच्या 'ॲची ब्रेकी हार्ट' या गाण्याने १९९२ साली लाइन डान्सचे वेड देशोदेशी नेले. अशी वेडे दोन वर्षांत ओसरतात; हे टिकले. अमेरिकेची नक्कल म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. मला कारण वेगळे वाटते. वॉल्ट्झला कोणीतरी येऊन विचारावे लागते. विधवा, बिनलग्नाची, नवरा जहाजावर असलेली, यांना कोण विचारणार? रांगेत मात्र नुसते जाऊन उभे राहायचे.

झिम्मा-फुगडी आपल्याकडे आहेच. पण मंगळागौर नव्या सवाष्णीची. आमच्या लहानपणी काकूंसारखीला तिथे कोणी खेळायला ओढले नसते. गरब्याच्या फेरात कोणीही शिरू शकते, हे मान्य. पण तो नऊ रात्रींचा. शिवाय १९९१ साली पावणेदोन लाखांचे असलेले हे गाव २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेले. शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसलेल्या वस्तीत ओळखीशिवाय एकत्र नाचता येणे ही लहान सोय नव्हे. आमच्या गच्चीवरही ३१ डिसेंबरला हल्ली रांगा लागतात.

घड्याळाचाही वाटा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत सरकार देऊ शकते, पण ती सण-उत्सवांना, कोणाच्या लग्नाला नव्हे. तासा-दीड तासात सगळा मांडव नाचवायचा तर बँडवाल्यालाही रांगच परवडते.

दहाला पाच कमी असताना बँडने तेच गाणे पुन्हा लावले. या खेपेस काकूंना कोणी बोलवायला गेले नाही. त्या आधीच दुसऱ्या रांगेत होत्या. परतताना रिक्षात बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अहो, ठोका आधी की गिरकी?"