वेगाची किल्ली कोणाच्या हाती? मदरबोर्डच्या निवडीचा चाळीस वर्षांचा इतिहास

१/ ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास सांगताना प्रोसेसरांचीच नावे घेतली जातात. सेलेरॉन ३००ए ची कीर्ती आजही टिकून आहे. तो ज्या मदरबोर्डवर बसवला जाई, त्याचे नाव मात्र विस्मरणात गेले. वास्तविक प्रोसेसर किती धावू शकतो हे सिलिकॉन ठरवते. त्याला तितके धावू द्यायचे की नाही, हे मदरबोर्ड ठरवतो. #थ्रेड

२/ आरंभ १९८४ चा. आयबीएमच्या पीसी एटी संगणकाचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. हा वेग बोर्डवरील १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकातून येई. हौशी लोकांनी तो स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला आणि संगणक ८ मेगाहर्ट्झवर धावू लागला. खर्च एका किरकोळ सुट्या भागाचा, लाभ एक तृतीयांश वेगाचा.

३/ आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये वेग तपासणारी चाचणी घातली. ठरल्यापेक्षा जलद चालणारे यंत्र सुरूच होईना. विकत घेतलेल्या यंत्राच्या वेगावर अधिकार कोणाचा, निर्मात्याचा की मालकाचा, हा वाद तिथे प्रथम उघड झाला. मदरबोर्डची निवड आजही याच वादात घेतलेली बाजू असते.

४/ नव्वदच्या दशकात बोर्डवर जंपर असत. पिनांवरची ती इवलीशी टोपणे हलवून बसचा वेग बदलता येई. मात्र याच सोयीचा लाभ घेऊन काही लबाड विक्रेते मंद प्रोसेसरवर जलद प्रोसेसरचे नाव छापून विकू लागले. पुढे इंटेलने प्रोसेसरचा गुणक कायमचा बंद केला. उरला तो एकच मार्ग: बसचा वेग वाढवणे. आणि बस ही मदरबोर्डची सत्ता.

५/ ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. पेंटियम २, ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक दर ६६९ डॉलर. सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झ, दर १४९ डॉलर. सेलेरॉनचा गुणक ४.५ आणि बस ६६ मेगाहर्ट्झ. बस १०० वर नेली की गुणाकार सरळ होता: ४५०.

६/ सेलेरॉनची दुय्यम कॅशे अवघी १२८ किलोबाइट, पण ती प्रोसेसरच्याच चिपवर आणि पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियमची ५१२ किलोबाइट, पण निम्म्या वेगाची. त्यामुळे ४५० वर नेलेला सेलेरॉन अनेक कामांत चौपट किमतीच्या भावंडाच्या बरोबरीने उभा राहिला.

७/ हे प्रत्येक बोर्डवर साधत नसे. जुन्या बोर्डांवर बस ८३ मेगाहर्ट्झवर नेली की तिच्या निम्म्याने चालणारी पीसीआय बस ३३ ऐवजी ४१.५ वर जाई. हार्ड डिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका उभा राही. इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसेटवर १०० मेगाहर्ट्झ हा अधिकृत वेग होता. तिथे एक तृतीयांशाचा भाजक लागू होई आणि पीसीआय पुन्हा ३३ वर येई. प्रोसेसर मर्यादेबाहेर, बाकी सारे यंत्र मर्यादेत!

८/ तैवानच्या एबिट कंपनीच्या बीएच६ बोर्डने याच्या पुढचे पाऊल टाकले. बसचा वेग आणि प्रोसेसरचे व्होल्टेज दोन्ही बायोसच्या पडद्यावरून बदलता येऊ लागले. ज्यांच्याकडे असा बोर्ड नव्हता, ते प्रोसेसरच्या बी२१ या संपर्कावर चिकटपट्टी किंवा नखपॉलिश लावून बोर्डला चकवत. चांगला बोर्ड म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

९/ १९९९ मध्ये त्याच कंपनीचा बीपी६ आला: एका बोर्डवर दोन सेलेरॉन. इंटेलच्या मते हा प्रोसेसर जोडीने वापरण्यासाठी नव्हताच. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसत नसे. त्यासाठी विंडोज एनटी किंवा लिनक्स लागे. तरीही कार्यशाळेतल्या महागड्या संगणकांची चैन प्रथमच घरच्या टेबलावर आली.

१०/ या कथेला ‘सुवर्णयुग’ म्हणण्याची प्रथा आहे. तिथेच इतिहास अर्धवट सांगितला जातो. नव्या शतकाच्या आरंभी सदोष कपॅसिटरांची साथ आली. अनेक कंपन्यांच्या बोर्डांवरील कपॅसिटर फुगले, गळले, निकामी झाले. बीपी६ ही त्यातून सुटला नाही. २००८ च्या अखेरीस एबिटचे नावही बाजारातून गेले. मोकळीक दिली, पण तिचा भार वाहणारे भाग कच्चे निघाले.

११/ हा भार किती असतो? प्रोसेसरची वीज साधारणतः वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट आणि व्होल्टेज २.० वरून २.२ केले, तर वीज सुमारे १.८ पट. आजच्या प्रोसेसरने १.२५ व्होल्टवर २०० वॅट ओढले, तर १६० अँपिअरचा प्रवाह होतो. १२ व्होल्टचे १.२५ करून तो पुरवणारा भाग म्हणजे बोर्डवरील व्हीआरएम. बोर्डची खरी किंमत तिथे असते. झगमगत्या दिव्यांत नसते.

१२/ २०११ मध्ये किल्लीला किंमत लागली. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत बसचा वेग वाढवण्यास जेमतेम वाव उरला. गुणक मोकळा असलेला ‘के’ प्रोसेसर घ्यायचा आणि पी६७ चिपसेटचा बोर्डही. तोच प्रोसेसर एच६७ वर बसवला की गुणक बंद. १९९८ मध्ये जे स्वस्तातल्या ग्राहकाला साधले, ते आता महागड्या वर्गाचे वैशिष्ट्य म्हणून विकले जाऊ लागले. २०१७ च्या रायझनवेळी एएमडीने मध्यम दराच्या बी३५० वरही ही मुभा ठेवली, हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

१३/ चौथा अध्याय सर्वांत विचित्र. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मुळाशी वाढीव व्होल्टेज होते. इंटेलने सांगितलेल्या कारणांत स्वतःच्या मायक्रोकोडमधील दोष होते. तसेच शिफारशीपेक्षा अधिक वीज देणाऱ्या मदरबोर्डांच्या सेटिंगही होत्या. कंपनीला दुरुस्त मायक्रोकोड द्यावा लागला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

१४/ हा प्रवास ध्यानात घ्यावा. ऐंशीच्या दशकात किल्ली निर्मात्याने काढून घेतली. १९९८ मध्ये बोर्डने ती मालकाच्या हाती दिली. २०११ मध्ये ती विकाऊ झाली. आणि अलीकडे काही बोर्डांनी मालकाला न विचारताच ती फिरवली. न मागितलेला वेग हे स्वातंत्र्य नव्हे. त्यात जोखीम मालकाची आणि निर्णय दुसऱ्याचा असतो.

१५/ म्हणून घरच्या ओव्हरक्लॉकिंगसाठी बोर्ड निवडताना इतिहास तीन प्रश्न विचारायला शिकवतो. चिपसेट मुभा देतो का? व्हीआरएम आणि त्यावरील उष्णताशोषक तो भार तासन्‌तास पेलतील का? थंड खोलीतल्या चाचणीचे आकडे नागपूरच्या मे महिन्यात उपयोगी पडत नाहीत. आणि बायोसमध्ये वीज व व्होल्टेजच्या मर्यादा स्पष्ट दिसतात का, त्या मालकाला आवरता येतात का?

१६/ हे तीन निकष पुरे करणारा मध्यम दराचा बोर्ड पुरेसा आहे. आजचे प्रोसेसर आपला बहुतेक वेग आपणच गाठतात. उरलेल्या थोड्या टक्क्यांसाठी दुप्पट दाम मोजण्यात शहाणपण नाही. बीएच६ घेणाऱ्यांचा वारसा विक्रमी आकड्यांचा नव्हता. आपल्या यंत्राची मर्यादा आपण समजून घ्यावी आणि आपणच ठरवावी, हा तो वारसा. बोर्ड निवडताना तोच जपावा.

#इतिहास #संगणक #मराठी