नंबरांचं कोष्टक करू नका
यंत्रतंत्र : मनोरीकर

फाइलीत चार अक्षरं लिहायची तर प्रोग्रामला कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, हाक मारावी लागते. या हाकेचं नाव सिस्टिम कॉल. हाक मारताना प्रोग्राम नाव घेत नाही, नंबर सांगतो. ६४ बिटी इंटेलवरच्या लिनक्समध्ये ‘राइट’चा नंबर १. त्याच लिनक्सच्या ३२ बिटी अवतारात ४. ६४ बिटी आर्म चिपवर ६४. फ्रीबीएसडीत पुन्हा ४. विंडोजचं तर विचारूच नका. तिथे हे नंबर आवृत्तीगणिक बदलतात आणि ते कायम ठेवू असं मायक्रोसॉफ्टने कधी म्हटलेलंही नाही.

तरी अधूनमधून बी.एस्सी. आयटीचा एखादा उत्साही मुलगा सांगतोच, की काका, मी एक कोष्टक बनवतोय. डावीकडे लिनक्सचे नंबर, उजवीकडे बाकीच्यांचे. प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि कोष्टक बघून कुठेही पळवायचा. मी त्याला म्हणतो, नको रे बाबा.

एक तर डावी-उजवी बाजू जुळत नाही. दुसऱ्या कंपनीकडे कशाला जायचं? आर्मवरच्या ६४ बिटी लिनक्समध्ये ‘ओपन’ हा सिस्टिम कॉलच नाही, ‘फोर्क’ही नाही. पुस्तकात पहिल्या पानावर भेटणाऱ्या या दोघांची कामं तिथे ‘ओपनॅट’ आणि ‘क्लोन’ करतात. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामध्ये बसलेली सी भाषेची लायब्ररी ही अदलाबदल गुपचूप सांभाळते, म्हणून आपल्याला कळत नाही.

दुसरं म्हणजे, वचन कोणी कुठे दिलंय ते पाहावं लागतं. लिनक्सवाले म्हणतात, कर्नलच्या दारावरचे नंबर आम्ही मोडणार नाही, आणि ते हा शब्द पाळतात. ॲपल म्हणतं, आमच्या लायब्ररीमार्फत या, आत काय बदलू ते आमचं आम्ही बघू. गो भाषेवाले बरीच वर्षं मॅकवर लायब्ररीला वळसा घालून थेट कर्नलला हाका मारत होते. २०१६ मध्ये मॅकची सिएरा ही आवृत्ती आली, वेळ विचारण्याची आतली रीत बदलली आणि जुने गो प्रोग्राम कोलमडू लागले. २०१८ मध्ये गोच्या १.११ आवृत्तीत त्यांनी मुकाट्याने ॲपलच्या लायब्ररीचा रस्ता धरला. खाडीपलीकडच्या मार्व्याहून आमच्या मनोरीला येणारा माणूस तिकीट काढून बोटीत बसतो. भरती किती, ओहोटी किती, बोट धक्क्याला कुठे लावायची हे बोटवाला बघतो. स्वतः खाडीत उतरून चालत येण्याचा हट्ट कोणी धरत नाही.

पण लायब्ररी धरली, युनिक्सच्या जातकुळीसाठीचं १९८८ चं पॉसिक्स मानक पाळलं, की सुटलो असंही नाही. नाव तेच, वागणूक वेगळी, ही खरी डोकेदुखी. मालाड-कांदिवलीतल्या दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचावं. नवी फाइल लिहून तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवणं, ही युनिक्सवाल्यांची लाडकी रीत. विंडोजवर सी लायब्ररीचा ‘रीनेम’ त्या नावाची फाइल आधीच असेल तर चक्क नकार देतो. उघडी फाइल लिनक्सवर बिनदिक्कत पुसता येते, विंडोजवर सहसा नाही. आणि ‘एफसिंक’? डेटा डिस्कवर नक्की उतरला, अशी खात्री करून घ्यायला आपण तो बोलावतो. मॅकवर तो डेटा ड्राइव्हपर्यंत पोचवतो, पण ड्राइव्हने तो स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतून कायमच्या जागी उतरवलाच असेल याची हमी देत नाही; त्यासाठी ‘फुल एफसिंक’ची वेगळी विनंती करावी लागते. मध्येच वीज गेली, तर बिल गेलं. कोष्टकात मात्र दोन्हीकडे ‘एफसिंक’च लिहिलेलं असतं.

हे दुखणं मुंबईला नवं नाही. १९७४ च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सीला परदेशी कामांच्या अगदी सुरुवातीला एक काम मिळालं ते बरोज या संगणक कंपनीचं. रुग्णालयाच्या हिशेबाचं कोबोल भाषेतलं पॅकेज बरोजच्या मध्यम यंत्रांवरून तिच्याच छोट्या यंत्रांवर न्यायचं. ते झालं इथल्या आयसीएल १९०३ या संगणकावर. कोबोलचं अमेरिकी मानक १९६८ सालीच आलं होतं. तरी एकाच कंपनीच्या दोन घराण्यांमध्ये प्रोग्राम हलवायला माणसं बसवावी लागली. परदेशी ग्राहकाचा प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणं हा पुढे आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा मोठा पोटापाण्याचा धंदा झाला.

एका कर्नलने दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करावी, हाही उपाय मोठ्या माणसांनी करून पाहिला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या पोटातच लिनक्सचे सिस्टिम कॉल समजून घेणारा थर बसवला. स्वतःच्या कर्नलचा सोर्स कोड हाताशी, पैसा भरपूर, माणसं हुशार. तरी काही कॉल राहूनच गेले आणि फाइलींची कामं रेंगाळली. २०१९ मध्ये त्यांनी दुसरी आवृत्ती जाहीर केली आणि त्यात हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खराखुरा लिनक्स कर्नलच आणून ठेवला. जे मायक्रोसॉफ्टला जड गेलं ते आपण सेमिस्टरच्या प्रोजेक्टात करू, हा आत्मविश्वास मला आवडतो. पटत नाही.

त्यापेक्षा एस्क्यूलाइटचा कित्ता गिरवा. तुमच्या व्हॉट्सॲपच्या गप्पा फोनवर याच डेटाबेसात साठतात. त्याने ना लिनक्सची नक्कल केली, ना विंडोजची. आपल्याला काय हवं त्याची स्वतःची छोटी यादी केली: फाइल उघड, वाच, लिही, कुलूप लाव, पक्कं कर. या यादीच्या पलीकडे एक फाइल युनिक्सच्या जातकुळीसाठी, दुसरी विंडोजसाठी. बाकी सगळा प्रोग्राम या यादीशीच बोलतो. मॅकवरची ‘फुल एफसिंक’ची भानगड त्या एका फाइलीत मिटते. बिलवाल्यांनी आपली यादी ‘बिल जपून ठेव’ आणि ‘कालचं बिल दे’ इतकी साधी ठेवली तरी चालेल.

राहता राहिलं सरकार. ओपन सोर्स वापरण्याचं केंद्राचं धोरण २०१५ चं आहे. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स त्याहून जुनं. संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बेतलेली माया प्रणाली आणल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. पण डिजिटल सहीचं टोकन खोचून अर्ज भरायची वेळ आली की अजूनही कित्येक ठिकाणी विंडोजचा पीसी शोधत हिंडावं लागतं, कारण ड्रायव्हर आणि सहीचा प्रोग्राम तेवढ्यापुरताच लिहिलेला. ‘ओपन सोर्सला प्राधान्य’ असं वाक्य निविदेत घालून हे सुटत नाही. निविदेत दोन प्रणालींची नावं घाला, दोन्हींवर कंत्राटदाराकडून चाचण्या चालवून घ्या, लिहिता लिहिता वीज तोडून बघायची चाचणीही त्यात धरा, आणि दोन्ही निकाल हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.