माठाला ओलं फडकं, आणि पोराला?



आज स्वयंपाकघरातून थेट रस्त्यावर यायचं आहे, आणि तेही भर दुपारच्या. विषय तसा पुरुषांचा किंवा तरुण पोरांचा वाटेल: उन्हाळ्यात मोटारसायकल चालवताना अंग थंड कसं ठेवायचं. पण गेल्या मे महिन्यापासून माझं मत झालंय की हा विषय आपल्या घराचा आहे, आणि बऱ्याच अंशी आपल्या हातातला आहे.

आम्ही सोलापूरचे. इथला उन्हाळा म्हणजे कोरडा, भाजणारा. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जाणं आम्हाला नवीन नाही. पुतणीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटायच्या होत्या. अक्कलकोटला नात्यातलं एक घर राहिलं होतं. "जरा जाऊन ये रे, चाळीस किलोमीटर तर आहे," असं म्हणत मी माझ्या लेकाला बारा वाजता घराबाहेर काढलं. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, पाण्याची बाटली नाही, आणि हेल्मेट कोपरात अडकवलेलं. "आई, डोकं शिजतं त्यात," हे त्याचं नेहमीचं उत्तर. मी नेहमीसारखी रागावले आणि नेहमीसारखी गप्प बसले.

साडेचारला तो परत आला तो भिंतीला धरूनच. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, पोटऱ्यांत गोळे आले होते. चेहरा पांढरा आणि अंग घामाने चिकट. काही विचारलं की चिडायचा. त्याला पंख्याखाली झोपवलं, अंग ओल्या पंचाने पुसलं, जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, "उष्माघात नाही, पण त्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. गाडीवर चक्कर आली असती तर काय झालं असतं?"

रात्री सासूबाई माठाशी उभ्या होत्या. माठाभोवती मी रोज सकाळी ओलं फडकं गुंडाळते, ते हाताने चाचपत म्हणाल्या, "अगं, माठाची एवढी काळजी घेतेस. पोराला मात्र उघडंच धाडलंस."

ते वाक्य मनातून गेलं नाही. आणि विचार करत गेले तसं लक्षात आलं की त्यात नुसता टोमणा नव्हता, सगळं शास्त्रच होतं.

माठ थंड का राहतो हे आपल्याला माहीत आहे. मातीतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. आपलं शरीरही तेच करतं. एक लीटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून नेतो. घाम गळून खाली पडला तर उपयोग नाही, तो अंगावरच वाळला पाहिजे.

आता गाडीवरचा वारा बघा. आपल्याला वाटतं वारा म्हणजे गारवा. पण आपल्या कातडीचं तापमान असतं सुमारे ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगाची उष्णता नेतो. हवा ४२ अंशांची झाली की हिशेब उलटा होतो. मग तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. भाकरीच्या तव्यावरून येणारी झळ पंख्याने तोंडावर घेतली तर कसं होईल, तसं. शिवाय उघड्या हातावरचा घाम त्या वाऱ्याने इतक्या झटपट उडतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. पोरगं म्हणतं, "मला घामच आला नाही." आलेला असतो, रस्त्यावर उडून गेलेला असतो, आणि त्याबरोबर अंगातलं पाणी आणि मीठही.

म्हणून माझं पहिलं मत: कडक उन्हात गाडीवर कपडे कमी करायचे नसतात, वाढवायचे असतात. वाळवंटातली माणसं डोक्यापासून पायापर्यंत सैल कपड्यांत असतात, ती उगाच नाही. आणि आपल्याकडे हे शहाणपण कुणाला आहे? स्कूटीवर जाणाऱ्या मुलींना! तोंडाला ओढणी, हातांत लांब मोजे, डोळ्यांवर गॉगल. त्यांना "डाकू" म्हणून हसणारी मुलं तेवढ्याच उन्हात उघड्या दंडांनी फिरतात. मुली बरोबर आहेत. फक्त ओढणी सुती असावी, हेल्मेटखाली तिचा एकच पातळ पदर असावा म्हणजे हेल्मेट सैल बसत नाही, आणि टोकं आत नीट खोचलेली असावीत. मोकळं टोक चाकात गेलं तर जिवावर बेततं.

लेक बरा झाल्यावर आम्ही घरातच प्रयोग केले. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट पाण्यात बुडवून, पिळून, ओलाच अंगात घालायचा. सोलापुरी नॅपकिन भिजवून गळ्याभोवती. नुसत्या ओल्या शर्टाने वीस-पंचवीस मिनिटं मस्त वाटायचं, मग तो ठणठणीत कोरडा. त्यावर जाळीचं रायडिंग जॅकेट घातलं की वारा आत जातो पण बेताने, आणि ओल पाऊण तासापर्यंत टिकायची. म्हणजे तेच माठाचं फडकं. चामड्याचं जॅकेट आमच्या घरात येणं शक्यच नव्हतं, आणि या उन्हात ते कुणी घालावं असं मला वाटतही नाही. कापडी जाळीचं, खांद्याला-कोपरांना गाद्या असलेलं जॅकेट एका बऱ्या साडीच्या किमतीत आलं. मी त्या दिवाळीला साडी घेतली नाही, एवढंच. जॅकेट परवडत नसेल तर जाडसर सुती पूर्ण बाह्यांचा शर्टही उघड्या दंडांपेक्षा कितीतरी बरा.

मुंबई-कोकणातल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, आणि ओला शर्टही वाळत नाही. तिथे या युक्तीचा उपयोग थोडा. तिथे सैल कपडे, वरचेवर सावलीत थांबणं आणि वेळ बदलणं यावरच भर द्यावा लागेल. हवामान खातंही म्हणूनच दोन्हीकडचा हिशेब वेगळा धरतं. उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात पारा किमान ४० झाल्यावर सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ लाच.

हेल्मेटबद्दल मात्र मला काही ऐकून घ्यायचं नाही. "उकडतं" हे कारण मी पूर्वी अर्धं मान्य करायचे. आता करत नाही. उघड्या डोक्यावर ऊन थेट पडतं, आणि उन्हाने गरगरलेला माणूस पडण्याची शक्यता जास्त, म्हणजे हेल्मेटची गरज उन्हाळ्यात उलट वाढते. फिक्या रंगाचं, आयएसआय शिक्क्याचं, वारा खेळायला झरोके असलेलं घ्यावं. आत घालायला मी जुन्या मलमलच्या धोतराच्या टोप्या शिवल्या. एक डोक्यावर, एक खिशात. घामट झाली की बदलायची, घरी आली की धुवायची. निघण्यापूर्वी टोपी भिजवली तर आणखी बरं. आणि गाडी उन्हात लावायची असेल तर हेल्मेट टाकीवर तापत ठेवू नये, सोबत आत न्यावं.

पाण्याचं म्हणाल तर तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. निघण्याआधी दोन ग्लास, मग दर अर्ध्या-पाऊण तासाला सावलीत थांबून घोट-घोट. आमच्याकडे पाणी गाळून, उकळूनच पितात, त्यामुळे वाटेत मिळेल ते पाणी पोरं टाळतात आणि तहानलेलीच राहतात. उपाय सोपा आहे. घरचं पाणी दोन बाटल्यांत भरून द्यावं आणि बाटल्यांना ओला पायमोजा चढवावा. नुसत्या पाण्याबरोबर मीठही जायला हवं: मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबाचं सरबत. फार घाम गेला असेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. साधंच आहे, पण प्रमाण नीट पाळा, मीठ अंदाजाने ओतू नका.

शेजारच्या काकूंनी मायेने सांगितलं, "खिशात कांदा ठेवत जा." आमच्या घरात कांदाच येत नाही! आणि खरं सांगायचं तर खिशातल्या कांद्याने अंग थंड होत नाही. होतं ते पाण्याने, सावलीने आणि कापडाने.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्यात निर्जळ उपवास असतात. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम पाळणारेही बरेच. व्रताबद्दल मी बोलणार नाही, ते ज्याचं त्याचं आहे. पण त्या दिवशी दुपारी दुचाकी हातात घेऊ नये, एवढं मी ठाम सांगेन. कुणाच्या तरी मागे बसून किंवा बसने जावं. आणि रात्री पाणी न घेणाऱ्याने संध्याकाळी लांबचा प्रवास करण्यापेक्षा पहाटे उजाडल्यावर निघून दहाच्या आत पोहोचावं. मग दिवसभर पाणी पिता येतं.

आता मूळ मुद्दा. हे सगळं करूनही दुपारी बारा ते चारचा रस्ता हा रस्ताच नाही. ओला शर्ट, जाळीचं जॅकेट ही अडचणीची सोय आहे. खरा उपाय म्हणजे त्या वेळात न जाणं. आणि इथेच आपला, बायकांचा वाटा येतो. पोराला दुपारी बाहेर कोण काढतं? "दळण घेऊन ये", "ब्लाऊज शिवून झालेत का बघ", "आत्याकडे एवढा डबा पोचव". यातलं एकही काम संध्याकाळपर्यंत नासणारं नसतं. माझी पत्रिकाही नव्हती. पत्रिका हातात देण्याचा मान असतो, तो राहिलाच पाहिजे, पण तो मान सकाळी आठलाही देता येतो. आता आमच्याकडे मार्च ते जून दुचाकीच्या किल्ल्या अकरा ते चार देव्हाऱ्याच्या खोलीतल्या खिळ्याला असतात. दवाखान्याचं काम सोडून त्या निघत नाहीत. यजमान सुरुवातीला हसले, आता स्वतःच आणून टांगतात.

यावर एका मैत्रिणीने विचारलं, "ज्यांना पोटासाठी जावंच लागतं त्यांचं काय?" बरोबर आहे. गॅसवाला, कुरिअरवाला, औषधांचा विक्रेता, जेवण पोचवणारा मुलगा, यांच्या किल्ल्या खिळ्याला टांगता येत नाहीत. पण त्यांना दुपारी आपल्या दारात कोण बोलावतं? अडीच वाजता फोनवर बटण दाबून आईस्क्रीम मागवायचं आणि दहा मिनिटं उशीर झाला की त्यालाच बोल लावायचे. माझा मुलगा एकदा भिंत धरून घरात आला तेव्हा मला कळलं की रोज कुणाचातरी मुलगा तसाच कुठल्यातरी जिन्यावर उभा असतो. आम्ही दुपारी काही मागवणं बंद केलंय. तरी कुणी आलंच तर आत सावलीत बसवून आधी पाणी, मग सही. तो घाईत असतो, नको म्हणतो. बाटली भरून द्या, म्हणजे घेतो.

शेवटी एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, भ्रमिष्टासारखा वागला, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजायचा. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला, काखेत, जांघेत ओली गार फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

काल सासूबाईंनी माठाचं फडकं बदललं आणि जुनं फडकं धुऊन माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "याच्या दोन टोप्या होतील बघ." झाल्या. एक लेकाची, आणि दुसरी रोज सकाळी दूध घालायला येणाऱ्या मुलाची. तो आधी लाजला, पण आज घालून आला होता.