केबल काढल्यावर काय होते, ते शिकवा

एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, की शासनदरबारी ती अतिवृष्टी ठरते. पंचनामे, मदत आणि त्यावरून होणारे वाद पुढे याच आकड्याभोवती फिरतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या सोयाबीन आणि कपाशी पेरणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगायला नको. पूर्वी पर्जन्यमापकातले पाणी माणूस मोजायचा आणि वहीत नोंदवायचा. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि मोजणीचे काम यंत्राकडे गेले. यंत्राने मोजलेला पाऊस नेटवर्कवरून दूरच्या संगणकापर्यंत पोहोचावा लागतो. म्हणजे शिवारात पडलेले पाणी आणि शेतकऱ्याच्या पदरात पडणारा निर्णय यांच्यामध्ये आता दोन प्रोग्रॅमचे बोलणे आले आहे. हे बोलणे कसे चालते आणि मध्येच तुटले तर काय करायचे, हे इथल्या मुलांना हाताने करून कळले पाहिजे. ते पायथॉनसारख्या सोप्या भाषेत, दोन वेगळ्या संगणकांवर आणि मुद्दाम बिघाड घडवून शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रोग्रॅमला नेटवर्कशी जोडणाऱ्या टोकाला सॉकेट म्हणतात. एका बाजूचा प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हर, ठरावीक पोर्टवर वाट पाहत बसतो, दुसऱ्या बाजूचा, म्हणजे क्लायंट, त्याचा पत्ता आणि पोर्ट सांगून जोडणी मागतो, आणि मग दोघे बाईट पाठवतात व घेतात. बँकेचे अ‍ॅप असो, रेल्वेचे आरक्षण असो की बाजार समितीचे भाव, तळाशी हेच चाललेले असते. ही रचना जुनी आहे. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने टीसीपी-आयपी ही संगणकांच्या बोलण्याची नियमावली स्वीकारली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत सॉकेट आज ओळखीच्या रूपात आले. आपल्याकडे शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अमरावती विद्यापीठ यांचीही स्थापना १९८३ चीच. तेव्हा सॉकेट म्हणजे सी भाषा आणि तिची किचकट तयारी, असेच समीकरण होते. १९९१ मध्ये पायथॉन आली आणि तिच्यात तेच सॉकेट मोजक्या ओळींत हाताळता येऊ लागले. मात्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमाची आधीची ‘आय’ योजना उघडून पाहिली, तर सॉकेट होते ते प्रगत जावाच्या विषयात. पायथॉनच्या विषयात फाइल हाताळणीपर्यंत सगळे होते, नेटवर्क नव्हते. जी भाषा मुलाला सहज वळते तिच्यात हा धडा नव्हता, आणि जिथे होता तिथे तो जावाच्या इतर भाराखाली दबायचा.

नेटवर्कचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची पहिली गैरसमजूत अशी असते की एकदा पाठवले म्हणजे पलीकडे एकदाच आणि तेवढेच मिळते. टीसीपी तसे काहीच कबूल करत नाही. पाटात वरच्या अंगाला दोन घागरी ओतल्या तर खालच्या अंगाला त्या दोन म्हणून ओळखू येत नाहीत, फक्त पाणी येते. टीसीपी बाईट क्रमाने पोहोचवते, पण संदेश कुठे संपला हे सांगत नाही. दोन संदेश एकत्र येऊ शकतात आणि एकच संदेश तुकड्यांत येऊ शकतो. पुस्तकातल्या उदाहरणात मात्र १०२४ बाईट एकदा वाचायचे आणि पडद्यावर छापायचे, एवढेच असते. एकाच संगणकावर इंग्रजी ‘हॅलो’ पाठवला की ते बिनबोभाट चालते आणि गुण मिळतात. इथे मराठी मुलाला एक फायदा आहे, तो कुणी वापरत नाही याची खंत वाटते. ‘बुलढाणा’ या शब्दात काना आणि उकार धरून सात चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाईट लागतात, म्हणजे एकूण २१. आता १०२४ ला तीनने भाग जात नाही. सलग देवनागरी मजकूर पाठवला तर पहिल्या वाचनात फार तर ३४१ चिन्हे पूर्ण येतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाईट हाती लागतो. पायथॉन तिथल्या तिथे त्रुटी दाखवून थांबते. जी चूक इंग्रजीत वर्षभर लपून राहील, ती मराठी मजकूर पाठवताच उघडी पडते. मग संदेशाआधी त्याची लांबी का पाठवायची आणि पूर्ण लांबी येईपर्यंत का वाचत राहायचे, हे फळ्यावर लिहून द्यावे लागत नाही.

याहून खोल प्रश्न जोडणी तुटण्याचा आहे. प्रोग्रॅमने ‘पाठवा’ म्हटले आणि त्रुटी आली नाही, याचा अर्थ एवढाच की आपल्याच संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने ते बाईट ताब्यात घेतले. पलीकडच्या प्रोग्रॅमने ते वाचले, जपून ठेवले, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट बाजूने, पाठवणाऱ्या यंत्राची वीज अचानक गेली तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. पायथॉनचे सॉकेट मुळात कालमर्यादेशिवाय वाट पाहते आणि आपण मर्यादा घातली नाही तर अनंतकाळ पाहत राहते. जोडणी जिवंत आहे का हे तपासण्याची टीसीपीची स्वतःची सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि चालू केली तरी लिनक्सवर पहिली तपासणी नेहमीच्या मांडणीत दोन तासांनी होते. दोन तासांत ढगफुटी होऊन जाते. त्या दोन तासांच्या रकान्यात प्रोग्रॅमने शून्य लिहिले तर ‘पाऊस झाला नाही’ अशी नोंद होते, आणि कोरे ठेवले तर ‘माहिती आली नाही’ अशी. दोन्ही नोंदींत शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसेच पोच मिळाली नाही म्हणून यंत्राने तीच नोंद पुन्हा पाठवली आणि पलीकडे ती दुबार धरली गेली, तर ४० मिलिमीटर पावसातली ३० ची नोंद दोनदा मिळवून आकडा ७० होतो आणि अतिवृष्टीची मर्यादा ओलांडतो. प्रत्येक नोंदीला केंद्राचा क्रमांक आणि वेळ जोडायची, डिस्कवर लिहून झाल्यावरच पोच द्यायची आणि आधी आलेली नोंद ओळखून सोडून द्यायची, हा त्यावरचा इलाज आहे. महावेधच्या यंत्रणेत अशा चुका होतात असा माझा दावा नाही. पण अशा आकड्याबद्दल तक्रार करायची वेळ आली तर नेमके काय विचारायचे, हे कळणारी माणसे तालुक्यात असली पाहिजेत, एवढे तरी मान्य व्हावे.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: नोकरीत कुणी उघडे सॉकेट लिहीत नाही, तयार लायब्ररी असतात, आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता मागितला तो कोड लिहून देते. पहिला भाग खरा आहे. पण लायब्ररीतसुद्धा कालमर्यादा किती ठेवायची, अपयश आले तर पुन्हा पाठवायचे का, हे ठरवावे लागतेच, आणि ठरवण्यासाठी खाली काय घडते याची कल्पना लागते. पायथॉनमधल्या ‘रिक्वेस्ट्स’ या सर्वपरिचित लायब्ररीतही आपण मर्यादा दिली नाही तर ती थांबूनच राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेला जे विचारले त्याचे उत्तर मिळते. ज्याने अर्धा संदेश कधी पाहिलेला नाही, त्याला ‘अर्धा आला तर?’ हा प्रश्न सुचायचा कसा? दुसरा आक्षेप सी भाषेच्या बाजूने येतो: पायथॉन संथ आहे आणि खरी गुंतागुंत झाकते. हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. काही गोष्टी पायथॉन खरोखरच झाकते. सगळे बाईट जाईपर्यंत पाठवत राहण्याचे काम ती एका हाकेत करून टाकते. पण वाचताना येणारे तुकडे ती झाकत नाही, तुटलेली जोडणी झाकत नाही, आणि तळाशी ऑपरेटिंग सिस्टिमला तीच हाक जाते जी सी भाषेतून जाते. हवामान केंद्राच्या नोंदी म्हणजे काही बाईट; तिथे भाषेच्या वेगाने फरक पडत नाही. सी भाषेत पत्त्याची रचना भरण्यात आणि बाईटचा क्रम उलटवण्यात प्रात्यक्षिकाचा तास संपतो आणि जोडणी तोडून बघायला वेळच उरत नाही. ज्याला पुढे सी भाषेत उतरायचे आहे त्याने जरूर उतरावे, तेव्हा काय शोधायचे ते त्याला ठाऊक असेल.

खर्चाची अडचण सांगणे मात्र पटत नाही. पायथॉन फुकट आहे, दोन जुने संगणक आणि एक केबल कुठल्याही प्रयोगशाळेत निघते. अडचण आहे ती सवयीची. सर्व्हर आणि क्लायंट एकाच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर चालवायचे, उत्तर छापून घ्यायचे आणि जर्नलमध्ये चिकटवायचे. त्या पत्त्यावरचे बाईट संगणकाबाहेर पडतच नाहीत, तेव्हा नेटवर्कचा धडा तिथे सुरूच होत नाही. खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनापासून शेगाव, चिखली, मलकापूरच्या महाविद्यालयांपर्यंत प्रात्यक्षिक परीक्षेत एक बदल करता येईल: विद्यार्थ्याने दोन संगणकांवर पावसाच्या नोंदी मराठी गावांच्या नावांसह पाठवाव्यात आणि परीक्षकाने मध्येच केबल काढावी. दोन मिनिटांनी ती परत लावल्यावर एकही नोंद गहाळ झालेली नसावी, एकही दुबार नसावी, आणि मधल्या काळात सर्व्हरने शून्य लिहिलेले नसावे. गुण यालाच द्यावेत.

पुढची पायरी एका महाविद्यालयातला सर्व्हर आणि दुसऱ्या गावातला मोबाइल सिम लावलेला क्लायंट अशी असू शकते. तिथे आणखी एक गोष्ट कळेल, जी एका खोलीत कधीच कळत नाही. सिमला मिळणारा पत्ता बहुधा कंपनीच्या आतला असतो, त्यामुळे बाहेरून त्या यंत्राला हाक मारता येत नाही. यंत्रालाच बाहेर हाक मारावी लागते. त्याचबरोबर सर्व्हर सगळ्या जगासाठी उघडला की अनोळखी जोडण्या येऊ लागतात, आणि साध्या टीसीपीवर पाठवलेला पासवर्ड वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरचे बाईट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जसाच्या तसा वाचता येतो. सुरक्षेच्या भीतीने पोर्ट बंद ठेवणाऱ्या विभागप्रमुखांची काळजी रास्त आहे, पण जोडणीवरचा मजकूर सांकेतिक करणारे टीएलएस कशासाठी लागते हे मुलांना त्याच प्रयोगात दिसते. त्यासाठी संस्थेच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवलेला एक संगणक पुरे. तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम बदलायला वर्षे जातात. पायथॉनच्या विषयातला लघुप्रकल्प काय द्यायचा, हे शिक्षक येत्या सत्रातच ठरवू शकतात.